सोद्देश खेळ

सोद्देश खेळ : मनोरंजन हे मुख्य प्रयोजन न ठेवता एखादे कौशल्य शिकविणे, निर्णय घेण्याचा सराव देणे अथवा एखाद्या गुंतागुंतीच्या समस्येचे स्वरूप उलगडून दाखविणे, यांसाठी मुद्दाम रचलेला नियमबद्ध खेळ. अशा खेळात वास्तव परिस्थितीचे एक सोपे प्रतिमान तयार केलेले असते. खेळाडू त्यातील भूमिका स्वीकारतात, ठरावीक नियमांच्या चौकटीत निर्णय घेतात आणि त्या निर्णयांचे परिणाम त्यांना थोड्याच वेळात पाहावयास मिळतात. प्रत्यक्षात ज्या चुकीमुळे कारखाना बुडेल, सैन्य गारद होईल अथवा एखादे मत्स्यक्षेत्र कायमचे उजाड होईल, ती चूक खेळात काही तासांत व विनाहानी करता येते आणि तिच्यापासून शिकता येते. युद्धशास्त्र, व्यवसाय व्यवस्थापन, शिक्षण, नगररचना, आरोग्य इ. क्षेत्रांत अशा खेळांचा उपयोग केला जातो. इंग्रजीतील ‘सीरिअस गेम्स’ ही संज्ञा क्लार्क ॲब्ट या अमेरिकन संशोधकाच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या ग्रंथामुळे रूढ झाली.

सोद्देश खेळ हा तीन लगतच्या प्रकारांपासून वेगळा ओळखता येतो. सदृशीकरणात वास्तवाचे प्रतिमान असते. परंतु स्पर्धा, भूमिका व हारजीत असतीलच असे नाही. वैमानिकाला जमिनीवर उड्डाणाचा सराव देणारे यंत्र हे त्याचे उदाहरण होय. बालोद्यानातील मुक्त खेळात मूल स्वतःच्या प्रेरणेने खेळते, त्याच्यासमोर प्रतिमान नसते. गुण, बिल्ले व क्रमवारी यांसारख्या खेळातील युक्त्या नेहमीच्या कामाला जोडल्या म्हणजे त्या कामाचे खेळीकरण होते. तथापि त्यामुळे कामाच्या अंतर्गत रचनेचे ज्ञान वाढत नाही. सोद्देश खेळाचा भर मात्र त्या रचनेवरच असतो.

ऐतिहासिक आढावा : खेळातून बोध देण्याची कल्पना प्राचीन आहे. भारतात प्रचलित असलेल्या ज्ञानचौपड अथवा मोक्षपट या सोंगट्यांच्या खेळात पटावरील घरांना सद्गुणांची व दुर्गुणांची नावे दिलेली असत. सद्गुणाच्या घरातून शिडीने वर चढावयाचे, दुर्गुणाच्या घरातून सापाच्या तोंडी जाऊन खाली यावयाचे आणि अखेरीस मोक्षाचे घर गाठावयाचे, अशी त्याची रचना होती. महाराष्ट्रात या खेळाचे जनकत्व परंपरेने संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. १८९२ च्या सुमारास हा खेळ ब्रिटनमध्ये विक्रीस आला. पुढे घरांवरील नैतिक नावे गळून पडली आणि केवळ आकडे, साप व शिड्या उरल्या.

आधुनिक सोद्देश खेळांचा उगम युद्धक्रीडेत आहे. ब्रन्सविक येथील योहान क्रिस्टियान लुटव्हिख हेलव्हिख यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. प्रशियातील बॅरन फोन राइसव्हित्स यांनी १८१२ मध्ये भूप्रदेशाची प्रतिकृती वापरून एक खेळ राजापुढे सादर केला. त्यांच्या लष्करी अधिकारी मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणला आणि त्याला फाशांची, मोजमापांची व पंचाची जोड दिली. प्रशियन सेनेच्या प्रमुखांनी हा केवळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, हे ओळखून त्याचा पुरस्कार केला. १८६६ व १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियाने मिळविलेल्या विजयांनंतर इतर राष्ट्रांनीही ही पद्धत उचलली. अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील नाविक युद्ध महाविद्यालयात १८८७ पासून युद्धक्रीडेस आरंभ झाला. दोन महायुद्धांमधील काळात तेथे जपानविरुद्धच्या संभाव्य युद्धाचे डाव वारंवार मांडले गेले.

उद्योगधंद्यांसाठी रचलेला पहिला ज्ञात खेळ सोव्हिएट संघातील आहे. लेनिनग्राड येथे मारीया बिर्शटाइन यांनी १९३२ मध्ये कारखान्यातील उत्पादनाची पुनर्रचना व्यवस्थापकांकडून खेळाच्या रूपात करवून घेतली. परंतु या कार्याची पश्चिमेकडे दीर्घकाळ दखल घेतली गेली नाही. अमेरिकेत रँड या संशोधनसंस्थेने १९५५ मध्ये हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ‘मोनोपोलॉग्ज’ हा खेळ तयार केला. त्यानंतर अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५६-५७ मध्ये ‘आयबीएम ६५०’ या संगणकाच्या साहाय्याने उच्च व्यवस्थापकांसाठी निर्णयाचा खेळ तयार केला. त्यात खेळाडूंचे गट स्पर्धक कंपन्या चालवीत आणि किंमत, उत्पादन, जाहिरात, संशोधन इत्यादींविषयी दर तिमाहीचे निर्णय घेत. थोड्याच वर्षांत कार्नेगी तंत्रसंस्थेने धुण्याच्या भुकटीच्या उद्योगावर आधारलेला विस्तृत खेळ रचला. त्यात तीन कंपन्या असून त्यांच्या चालकांना दर ‘महिन्याला’ शेकडो निर्णय घ्यावे लागत.

१९६० नंतर शिक्षणक्षेत्रातही असे खेळ आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन (१९२६–९५) व त्यांचे सहकारी यांनी विधिमंडळाचे कामकाज, व्यवसायाची निवड इ. विषयांवर शालेय खेळ रचले. १९७० मध्ये बॉन येथे सदृशीकरण व खेळ यांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. व्यक्तिगत संगणक व नंतर आंतरजाल यांच्या प्रसाराने या खेळांना नवे माध्यम मिळाले. वॉशिंग्टन येथील वुड्रो विल्सन केंद्रात २००२ मध्ये सोद्देश खेळांच्या पुरस्कारासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू झाला. तेव्हापासून ही संज्ञा प्रामुख्याने संगणकीय खेळांना लावली जाऊ लागली. तथापि पट, सोंगट्या व कागद-पेन्सिल यांवर चालणारे खेळ मागे पडलेले नाहीत.

स्वरूप व घटक : सोद्देश खेळाचे चार प्रमुख घटक असतात. (१) प्रतिमान : वास्तवातील कोणत्या गोष्टी घ्यावयाच्या व कोणत्या सोडावयाच्या, हे रचनाकार ठरवितो. सर्व काही घेतल्यास खेळ दुर्बोध होतो आणि फार सोडल्यास खोटा ठरतो. (२) भूमिका व नियम : प्रत्येक खेळाडूला काय ठाऊक असावे, काय करता यावे व कोणाशी बोलता यावे, हे नियमांनी ठरते. माहितीवर घातलेले बंधन हा बहुधा खेळाचा गाभा असतो. (३) प्रत्याभरण : निर्णयाचा परिणाम खेळाडूस परत कळणे. वास्तवात वर्षांनी दिसणारा परिणाम येथे मिनिटांत दिसतो. (४) खेळोत्तर चर्चा : खेळ संपल्यानंतर संचालकाच्या मार्गदर्शनाखाली काय घडले, का घडले व प्रत्यक्ष व्यवहारात त्याला समांतर असे काय आहे, याचा विचार केला जातो. अनुभवी संचालक चर्चेला खेळाइतकाच वेळ देतात. कारण चर्चेविना खेळाडू बहुधा केवळ हारजीत लक्षात ठेवतो.

व्यवसाय व्यवस्थापनातील खेळ : या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध व बोधप्रद उदाहरण म्हणजे मॅसॅचूसेट्स तंत्रसंस्थेतील ‘बिअर वितरण खेळ’ होय. प्रणाली गतिकीचे प्रवर्तक जे फॉरेस्टर (१९१८–२०१६) व त्यांचे सहकारी यांनी तो १९६० च्या सुमारास तयार केला. तो संगणकाविना, लांब पटावर सोंगट्या व चिठ्ठ्या यांच्या साहाय्याने खेळता येतो.

खेळात चार जागा एका साखळीत असतात : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक व कारखाना. ग्राहक दुकानदाराकडून पेट्या घेतो. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे, घाऊक व्यापारी वितरकाकडे व वितरक कारखान्याकडे मागणी नोंदवितो. मागणीची चिठ्ठी पुढे पोहोचण्यास काही आठवडे आणि माल येण्यास आणखी काही आठवडे लागतात. साठवलेल्या प्रत्येक पेटीस आठवड्याला अर्धा डॉलर आणि वेळेवर न पुरविलेल्या प्रत्येक पेटीस एक डॉलर असा खर्च मोजला जातो. चौघांचा एकत्रित खर्च कमीत कमी ठेवणे हे संघाचे उद्दिष्ट असते. खेळाडूंनी परस्परांशी बोलावयाचे नसते आणि ग्राहकाची खरी मागणी फक्त दुकानदारालाच कळते.

आरंभी प्रत्येकाजवळ १२ पेट्या असतात व ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ पेट्या इतकी स्थिर असते. पाचव्या आठवड्यात ती ८ होते आणि शेवटपर्यंत तेवढीच राहते. एवढाच काय तो बदल. परंतु दुकानदाराचा साठा घटू लागतो, म्हणून तो जादा मागणी नोंदवितो. माल वाटेत असल्याने तत्काळ हाती येत नाही. तेव्हा तो आणखी मागतो. घाऊक व्यापाऱ्याला ही फुगलेली मागणी खरी वाटते व तो तिच्यात स्वतःची भर घालतो. अशा रीतीने साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर मागणी वाढत जाते. काही आठवड्यांनी कारखान्याने तयार केलेला माल एकदम येऊन थडकतो, सर्वांचे साठे ओसंडून वाहतात आणि मागणी शून्यावर येते. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ संघांचा सरासरी खर्च सु. २,०२८ डॉलर भरला. त्याच परिस्थितीत साध्या व सुसंगत नियमाने वागल्यास तो सु. २०४ डॉलर झाला असता. ग्राहकाची मागणी ८ पेट्यांच्या वर कधीही गेली नसताना कारखान्याकडील मागणीचा उच्चांक सरासरीने सु. ३२ पेट्यांपर्यंत गेला.

खेळ संपल्यावर दुकानदाराखेरीज इतर खेळाडूंना ग्राहकाच्या मागणीचा अंदाजी आलेख काढावयास सांगितले जाते. बहुतेक जण चढउतारांचा लाटेसारखा आलेख काढतात आणि नुकसानीचा दोष ग्राहकाला अथवा शेजारच्या खेळाडूला देतात. खरा आलेख म्हणजे एक पायरी चढून सरळ जाणारी रेषा आहे, हे पाहिल्यावर लाट आपणच निर्माण केली, याची त्यांना जाणीव होते. खेळाडू कोणीही असोत, विद्यार्थी वा मुरलेले व्यवस्थापक, निष्कर्ष बहुधा हाच येतो. स्टर्मन यांनी त्याचे कारणही दाखविले : मागविलेला परंतु अद्याप हाती न आलेला माल लोक हिशेबात धरीत नाहीत.

या खेळात दिसणारी घटना प्रत्यक्ष व्यापारातही आढळते. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीला असे दिसून आले, की बालकांच्या लंगोटांचा खप जवळजवळ स्थिर असताना वितरकांकडून येणाऱ्या मागणीत मात्र मोठे चढउतार होत. चाबकाची मूठ थोडी हलविली असता टोक जोराने फटकारते, या साम्यावरून अशा घटनेस ‘चाबूक परिणाम’ म्हणतात. प्रत्यक्ष विक्रीची माहिती साखळीतील सर्वांना देणे, माल पोहोचण्याचा कालावधी कमी करणे व मोठ्या, तुटक मागण्यांऐवजी लहान व नियमित मागण्या नोंदविणे हे त्यावरील उपाय होत. दोष माणसांत नसून रचनेत आहे आणि म्हणून माणसे बदलून तो जात नाही, हा धडा व्याख्यानाने सांगितल्यास पटतोच असे नाही. खेळात तो स्वतःच्या हाताने घडलेला असतो.

शैक्षणिक खेळ : शालेय व सामाजिक शिक्षणातील खेळांचे विषय विविध आहेत. गॅरी शर्ट्‌स यांनी १९६९ मध्ये रचलेल्या ‘स्टारपॉवर’ या खेळात रंगीत चकत्यांची देवघेव करून गुण मिळवावयाचे असतात व गुणांनुसार खेळाडूंचे तीन वर्ग पडतात. चकत्यांचे वाटप मुळातच विषम असते. खेळाडूंना मात्र यश आपल्या कौशल्याचेच वाटते. पुढे सर्वांत श्रीमंत गटास नियम बदलण्याचा अधिकार दिला जातो. हा गट बहुधा स्वतःच्या फायद्याचे नियम करतो आणि इतर खेळाडू चिडतात, फसवणूक करतात अथवा खेळ सोडून देतात. सत्ता व विषमता यांवरील चर्चेस याहून जिवंत सामग्री मिळणे कठीण. डेनिस मेडोज यांच्या १९८० च्या दशकातील ‘फिशबँक्स’ या खेळात गट मासेमारी कंपन्या चालवितात. प्रत्येकाने अधिक होड्या घेणे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे असते आणि त्यामुळेच सर्वांचे मासे संपतात.

संगणकीय शैक्षणिक खेळांपैकी ‘ओरेगन ट्रेल’ हा आरंभीचा व दीर्घायुषी खेळ होय. १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस येथे डॉन रॉविट्श या शिक्षकाने दोन सहकाऱ्यांच्या मदतीने तो इतिहासाच्या वर्गासाठी तयार केला. एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाची शिधासामग्री, आजार व नद्यांची वाट यांचे निर्णय विद्यार्थी घेत. वैद्यकीय क्षेत्रात ‘री-मिशन’ (२००६) हा खेळ कर्करोगग्रस्त तरुणांसाठी तयार झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४ रुग्णालयांतील ३७५ रुग्णांवरील चाचणीत हा खेळ खेळणाऱ्यांनी औषधे अधिक नियमितपणे घेतल्याचे आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘फोल्डइट’ (२००८) या खेळात तर खेळाडू शिकण्यापुरते न थांबता संशोधनास हातभार लावतात. माकडांतील एका विषाणूच्या विकराची संरचना शास्त्रज्ञांना अनेक वर्षे उलगडली नव्हती. २०११ मध्ये खेळाडूंनी तीन आठवड्यांच्या आत तिचे उपयुक्त प्रतिमान तयार केले.

रचना व संचालन : खेळाची रचना समस्येपासून सुरू होते, खेळापासून नव्हे. कोणाला, कोणता निर्णय, कोणत्या अडचणीत घ्यावा लागतो, हे आधी निश्चित करतात. त्यानंतर त्या निर्णयावर परिणाम करणारे मोजके घटक निवडून त्यांचे परस्परसंबंध मांडतात. पहिला आराखडा कागदावर करून तो अनोळखी खेळाडूंवर वारंवार तपासला जातो. बिअर वितरण खेळात खेळ किती आठवडे चालणार ते खेळाडूंना नेमके सांगत नाहीत. कारण शेवट ठाऊक असल्यास खेळाडू साठा मुद्दाम संपवितात व वर्तन कृत्रिम होते. अशा बारीकसारीक गोष्टींवर खेळाची विश्वसनीयता अवलंबून असते.

भारतातील स्थिती : भारतात या पद्धतीचा प्रसार मुख्यतः व्यवस्थापन शिक्षणाबरोबर झाला. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. व्यवस्थापन संस्थांच्या अभ्यासक्रमांत दृष्टांताभ्यासाच्या जोडीने व्यवसाय-खेळांना स्थान मिळाले. ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशन ही संस्था व्यवस्थापकांसाठी संगणकीय खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धा भरविते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये बालशिक्षणात खेळावर आधारलेल्या अध्ययनावर भर दिलेला असून गणितासाठी कोडी व खेळ यांचा उपयोग सुचविला आहे. पट, सोंगट्या व चिठ्ठ्या यांवरील खेळ अल्प खर्चात, वीज व संगणक नसलेल्या शाळांतही घेता येतात आणि ते स्थानिक भाषेत रचणे सोपे असते.

मूल्यमापन व मर्यादा : खेळामुळे विद्यार्थी आपोआप अधिक उत्साही होतात, हा समज पुराव्यास पूर्णपणे उतरत नाही. नेदर्लंड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. संगणकीय सोद्देश खेळांनी ज्ञान व स्मरण यांत नेहमीच्या अध्यापनाच्या तुलनेत माफक पण निश्चित वाढ होते, असे त्यांना आढळले. प्रेरणेतील वाढ मात्र सिद्ध झाली नाही. खेळ इतर अध्यापनाच्या जोडीने, एकाहून अधिक वेळा व गटाने खेळल्यास लाभ वाढतो, असेही दिसून आले.

प्रत्येक प्रतिमानात रचनाकाराची दृष्टी दडलेली असते. ओरेगन ट्रेलच्या जुन्या आवृत्त्यांत स्थलांतरितांची बाजू होती, मूळ रहिवाशांची फारशी नव्हती. २०२१ च्या आवृत्तीसाठी त्या समाजातील इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. खेळाचा बोध पुसलाही जाऊ शकतो. एलिझाबेथ मॅगी (१८६६–१९४८) यांनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ या खेळाचे एकस्व घेतले. जमिनीच्या मक्तेदारीमुळे मालक श्रीमंत व भाडेकरू कंगाल होतात, हे दाखविणे हा त्यांचा हेतू होता. याच खेळातून उत्क्रांत झालेला ‘मोनॉपोली’ १९३५ मध्ये बाजारात आला. त्यात इतरांना दिवाळखोर करणे हेच यश ठरले. महाराष्ट्रातील घरोघरी मुले खेळतात तो ‘व्यापार’ हा खेळ याच वंशातील होय.

सर्वांत गंभीर धोका खेळातील नसून खेळ चालविणाऱ्यांच्या वृत्तीतील आहे. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेचा डाव यामातो या युद्धनौकेवर मांडला. फूचीदा व ओकूमिया यांच्या ग्रंथातील वृत्तांतानुसार, फाशांनी जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब पडल्याचे दाखविले असता मुख्य पंच ॲडमिरल ऊगाकी यांनी ती संख्या तीनवर आणली आणि बुडालेले ‘कागा’ हे जहाज पुढील डावात पुन्हा तरंगते केले. पुढच्याच महिन्यातील प्रत्यक्ष लढाईत जपानने ‘कागा’सह चार विमानवाहू जहाजे गमावली. २००२ मध्ये अमेरिकेने सु. २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा युद्धसराव घेतला. त्यात प्रतिपक्षाची भूमिका करणारे निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी आरंभीच आरमाराचा मोठा भाग ‘बुडविला’. तेव्हा ती जहाजे पुन्हा वर काढून सराव पुढे चालविण्यात आला व व्हॅन रायपर यांनी आपली भूमिका सोडली.

सोद्देश खेळ भविष्य वर्तवीत नाही. कोणत्या गृहीतकांवर आपण विसंबून आहोत व ती कोठे कोसळू शकतात, एवढेच तो दाखवितो. म्हणून खेळाचा निकाल नकोसा असला, तरी तो चर्चेत उघडपणे तपासला जाणे, ही या पद्धतीच्या उपयुक्ततेची पहिली अट मानली जाते.